पाणी न घातलेली नाचणी

मुकुंदराव आरोंदेकरांना मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा ते डोंगराच्या उतारावर पालथे पडलेले होते. तेव्हा मुंबई राज्य होते आणि मी नुकताच शेतकी शाळेतून बाहेर पडून सहायक म्हणून नेमला गेलो होतो. वेंगुर्ल्याहून मोटारीने आणि पुढे डोक्यावर ट्रंक घेऊन चालत मी मालवण तालुक्यातल्या कातळवाडीत पोहोचलो. "सायब खंय?" म्हणून विचारले, तर वाडीतल्या एकाने नुसती हनुवटी डोंगराकडे उचलली. वर जाऊन बघतो तो धोतराचा काचा मारलेला एक माणूस नाचणीच्या ओळीत आडवा. मला वाटले, भोवळ आली. मी ट्रंक टाकून धावलो. तेवढ्यात मान न उचलता ते म्हणाले, "बाजूला व्हा. तुमची सावली पडते आहे."

त्यांच्या हातात भिंग होते आणि समोर नाचणीचे कणीस. मोहरीएवढ्या दाण्याचे ते पीक, त्याचे फूल तर डोळ्यांना दिसेल न दिसेल असे. ते फूल ते बघत होते. बऱ्याच वेळाने उठले, गुडघे झाडले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "परब ना तुम्ही? जेवलात का?" त्या प्रश्नाचे उत्तर मी द्यायच्या आत त्यांनी आपल्या फडक्यातली अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. भाकरी अर्थातच नाचणीची होती. वेंगुर्ल्याच्या बाजारपेठेत वाढलेल्या मला भाताशिवाय जेवण म्हणजे उपास वाटत असे. पण साहेबांनी दिलेली भाकरी नाकारायची कशी? मी ती गिळली. पुढे कितीतरी वर्षे मी त्यांच्या हाताखाली काम केले आणि त्यांच्या डब्यातली भाकरी खाल्ली, आणि आज माझ्या घरात ती नसली तर मला चुकल्यासारखे होते. तेव्हा माझ्यावर झालेला त्यांचा पहिला संस्कार पोटातून झाला, असे म्हणायला हरकत नाही.

मुकुंदरावांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या देशावरच्या वाचकांना एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. कोकणात कसला दुष्काळ, असे तुम्ही विचाराल. मुकुंदरावांना हा प्रश्न आयुष्यभर विचारला गेला आणि विचारणाऱ्यांत भलीभली माणसे होती. उत्तर सोपे आहे. आमच्याकडे पाऊस ढीगभर पडतो, पण डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत माती असते वीतभर आणि खाली असतो कातळ. पाणी येते तसे समुद्राला जाते. नारळी पौर्णिमेनंतर पावसाने ओढ दिली की चार दिवसांत ही माती भाजल्यासारखी होते. नेमकी तेव्हाच नाचणी निसवत असते. कणीस वर येते, पण दाणा भरत नाही, हाताला लागतो तो नुसता कोंडा. खाली मळ्यात भात असणाऱ्यांचे एक वेळ निभावते. ज्यांची सारी शेती म्हणजे उतारावरचा तुकडा, त्यांच्या घरी त्या वर्षी मुंबईच्या चाकरमान्याच्या वाटेकडे डोळे लागतात. अशा उतारावर तहान सोसून दाणा भरणारी नाचणी तयार करायची, हे मुकुंदरावांनी ठरवले होते. कोणी सांगितले म्हणून नव्हे. ते स्वतः अशाच एका उतारावरच्या घरात जन्मले होते.

काम कसे होते तेही सांगतो, कारण ते बघून वाडी हसत असे. एका जातीची नाचणी टणक, पण दाणा थोडा. दुसरीचा दाणा भरघोस, पण ती नाजूक. दोघींचा संकर करायचा तर फुलाला हात लावण्याचीही सोय नाही, इतके ते बारीक. म्हणून मुकुंदराव दोन जातींची कणसे जवळ घेऊन दोऱ्याने एकत्र बांधत. एकीचे पराग दुसरीवर पडले तर पडले. टणक जातीच्या पेऱ्यांवर जांभळी छटा होती, दुसरी हिरवीगार होती. पुढच्या वर्षी हिरव्या आईच्या दाण्यांतून जांभळ्या पेऱ्याचे रोप उगवले की समजायचे, लग्न जमले. शेकडो रोपांत असे एखादे निघे. वाडीत बोलबाला झाला, "सायब नाचण्याची लग्ना लायता." गंगाकाकी नावाच्या, वाडीत सगळ्यांना धाक असलेल्या बाई एकदा कणसांना बांधलेले दोरे बघून म्हणाल्या, "सायबानू, पत्रिका बगल्यात मां? नायतर मगे सासू-सुनांचा भांडान जातला." मुकुंदराव गंभीरपणे म्हणाले, "पत्रिका पावसाने लिहायची आहे, काकी."

ते वाक्य त्यांनी थट्टेत उच्चारले होते, पण त्यांच्या कामाचा सगळा कणा त्यात आहे. निवडलेल्या संकरित वाणांना ते कधी पाणी घालू देत नसत. पाऊस देईल तेवढेच पाणी, आणि नाही दिले तर तेही नाही. एकदा मी रोपे कोमेजलेली बघून झारी उचलली, तर म्हणाले, "परब, झारी ठेवा. गंगाकाकींच्या तुकड्यावर झारी घेऊन कोण जाणार आहे?"

सलग काही वर्षे पावसाने वेळेवर हजेरी लावली. शेतकऱ्यांना आनंद, आणि आमची परीक्षा लांबणीवर. वरच्या कार्यालयात कुरकुर सुरू झाली की कोकणातल्या या कामावर वर्षे जातात आणि निष्पन्न काही होत नाही. अखेर एका हंगामाच्या सुरुवातीला सांगण्यात आले की चतुर्थीनंतर वरिष्ठ पाहणीला येतील, आणि काम पुढे चालवायचे की गुंडाळायचे हे त्या पाहणीवर ठरेल. त्यातच आदल्या पावसाळ्यात डब्यात राखून ठेवलेले बियाणे ओल लागून बुरसले होते. म्हणजे इतक्या वर्षांची सगळी कमाई जी होती, ती त्या उतारावर उभी होती, तेवढीच.

आणि त्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर पाऊस गेला.

मुकुंदराव ज्या उन्हाची वाट पाहत होते ते अखेर पडले. आमच्या तुकड्यात काही ओळींनी माना टाकल्या, काही तग धरून होत्या. अजून आठवडाभर असेच गेले असते तर खरे-खोटे दिसणार होते. पण भोवतालच्या शेतांतली नाचणीही करपू लागली होती. वाडीने देवळात गाऱ्हाणे घालायचे ठरवले आणि गावचे मानकरी गावकर आम्हाला बोलवायला आले. मी मनात म्हटले, आता साहेबांची पंचाईत. पाऊस आला तर परीक्षा बुडाली, नाही आला तर गाव बुडाले. मुकुंदराव टोपी घालून निघाले. देवापुढे गावकरांनी गाऱ्हाणे सुरू केले, "बा देवा म्हाराजा, तुझी लेकरां तानेली आसत. शेत सुकान गेला. पावसाची धार सोड रे म्हाराजा." सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटले. त्यात मुकुंदरावांचा आवाज मला सर्वांत मोठा ऐकू आला. परतताना मी विचारले, "साहेब, तुम्ही काय मागितलेत?" ते म्हणाले, "पाऊसच. बी पुढच्या वर्षीही तपासता येईल. यांच्या पोटाला पुढच्या वर्षी भूक लागणार नाही, ती आत्ता लागणार आहे." ज्या माणसाचे सारे काम त्या उन्हावर अवलंबून होते, त्याचे हे शब्द आहेत. मला त्या क्षणी त्यांचा अतिशय अभिमान वाटला, आणि आजही वाटतो.

पाऊस आला नाही. चतुर्थी मात्र आली. आमच्याकडे चतुर्थीला माणूस कुठेही असो, घरच्या गणपतीला पोहोचतोच. मुकुंदराव आरोंद्याला गेले, मी वेंगुर्ल्याला. दीड दिवसाचा गणपती विसर्जन करून आम्ही दोघे बांद्याहून येणाऱ्या एकाच गाडीने परतलो आणि तसेच डोंगर चढलो. वर पोहोचलो तो आमचा तुकडा हिरवागार. माना टाकलेली रोपे सरळ उभी. माती काळी, ओली, आणि ओळींच्या मधून कळश्यांच्या बुडांची गोल वळी उमटलेली.

मागून गंगाकाकी आल्या. चेहऱ्यावर सणाचा आनंद. "सायबानू, तुमी गणपतीक गेल्यात आणि हय झाडांनी माना टाकल्यानी. माका बगवला नाय. बायलांका सांगलंय, चला गो, आपल्या सायबाचा पीक आसा, परक्यासारख्या काय बगतास? बावडेवरना पाणी आणून सगळ्यांनी घातलंव. एक झाड मराक दिला नाय."

बावडी डोंगराच्या पायथ्याशी होती. ती चढण रिकाम्या हातांनी चढतानाही धाप लागते. स्वतःच्या शेतातली नाचणी करपत असताना या बायकांनी सणाच्या दिवशी, घरचे मोदक बाजूला ठेवून, आमच्या तुकड्यावर कळश्या रिचवल्या होत्या. मी तोंड उघडणार इतक्यात मुकुंदरावांनी माझा दंड धरला. काकींना हात जोडून ते म्हणाले, "फार कष्ट घेतलेत काकी." आणि मग ते तुकड्याच्या कडेला जाऊन बसले. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

पाहणीचे साहेब आले ते दोनच दिवसांनी. जीप पायथ्याशी ठेवून घामाघूम होत वर चढले. वाडीही मागोमाग आली, काकी सर्वांत पुढे. साहेबांनी एकदा भोवतालच्या करपलेल्या उतारावरून नजर फिरवली, एकदा आमच्या हिरव्या तुकड्यावरून, आणि ते हरखले. म्हणाले, "आरोंदेकर, मी शंका घेत होतो, ती मागे घेतो. सगळा डोंगर जळाला आणि तुमची नाचणी उभी आहे. याहून काय पुरावा हवा? काम चालू राहील. मी स्वतः वर सांगतो."

गप्प राहणे पुरेसे होते. खोटे बोलायचेही नव्हते, नुसते गप्प राहायचे होते. मी मनातल्या मनात मुकुंदरावांना विनवत होतो की आज एक दिवस, फक्त एक दिवस, गप्प बसा. पण ते म्हणाले, "साहेब, या तुकड्याला पाणी घातलेले आहे."

साहेबांना आधी कळलेच नाही. "कोणी?"

"राखण न ठेवता मी सणाला गेलो. ती चूक माझी." वाडीकडे त्यांनी बोट केले नाही की नजरही वळवली नाही. "ही नाचणी टणक आहे असे मला वाटते. पण ते मी आज दाखवू शकत नाही."

साहेब सरळ मनाचे गृहस्थ होते. त्यांनाही वाईट वाटले. पण दाखवण्यासारखे काही नाही म्हटल्यावर त्यांचाही इलाज खुंटला. ते उतरून गेले आणि काम बंद होणार हे सगळ्यांच्या तोंडावर दिसले. गंगाकाकी पुढे आल्या. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "सायबानू, आमी पाणी घातलंव म्हणान तुमचा वायट झाला?"

मुकुंदराव म्हणाले, "झाडे जगली, काकी. आता त्यांना बी धरेल. राखून ठेवलेले बी माझ्याकडे उरलेच नव्हते. तुम्ही पाणी घातले नसते, तर कदाचित हातात काहीच राहिले नसते. फक्त ती तहान किती सोसते ते समजायचे राहिले."

"मगे ता आमी समजून घेतंव," काकी म्हणाल्या. "बी आमका द्या."

गौरवग्रंथात माणसाच्या मोठेपणाचे श्रेय त्याच्या एकट्याच्या पदरात टाकण्याची रीत आहे. मुकुंदरावांना ती रुचणार नाही, म्हणून सांगतो की पुढचे काम त्यांनी आणि कातळवाडीच्या बायकांनी मिळून केले. त्यांची बदली देवगडला झाली, आंब्याच्या कलमांवर. लोक म्हणाले, नाचणीतून हापूसमध्ये गेले म्हणजे बढतीच. देवगडला त्यांनी कलमांचे कामही चोख केले, कामचुकारपणा त्यांच्या रक्तात नाही. पण सुट्टी मिळाली की ते कातळवाडीची वाट धरत. प्रत्येक बाईने आपल्या वरकस तुकड्याच्या कोपऱ्यात एकेक वाण लावला होता आणि कोणता कोणाचा ते ओळखण्यासाठी बांधावर दगड रचले होते. मुकुंदरावांच्या पत्नी सुमतीवहिनी तेव्हा मला म्हणाल्या होत्या, "भावजी, यांच्या पत्रिकेत माझ्या आधी नाचणी होती. सवत म्हणायची तरी कशी, रोज ताटात वाढते मी तिला."

त्याच काळात मला विषमज्वर झाला आणि मी मालवणच्या खोलीवर एकटा पडलो. मुकुंदराव रजा काढून आले आणि मी उठेपर्यंत राहिले. रोज स्वतःच्या हाताने नाचणीची आंबील करून पाजत. त्यांच्या हातची आंबील हे प्रकरण खरे तर गौरवग्रंथात बसण्यासारखे नाही. मीठ कधी दोनदा पडे, कधी पडतच नसे. पण डोळे उघडले की उशाशी तो कढत वाडगा आणि त्यामागे त्यांचा काळजीने ओढलेला चेहरा दिसे. माझ्या वडिलांनीही माझे याहून अधिक केले नसते.

महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरच्या एका वर्षी पावसाने पुन्हा तशीच ओढ दिली. या वेळी कातळवाडीत जो पहारा बसला, तसा तिजोरीवरही बसत नसेल. काकींच्या सुनेने भाकरी खाऊन बांधावर हात धुवायला तांब्या कलता केला, तर काकी कडाडल्या, "थय हात धुव नको गो, सायबाचो नाचणो आसा." गाऱ्हाणे याही वर्षी घातले गेले, मुकुंदराव याही वर्षी "व्हय म्हाराजा" म्हणाले, आणि देवाने याही वर्षी ऐकले नाही. वाडीतली नेहमीची नाचणी कोंडा झाली. साहेबांच्या वाणांतलेही बरेचसे गेले. पण काकींच्या कोपऱ्यातला, ठेंगणा, जांभळ्या पेऱ्याचा एक वाण उभा राहिला. कणसे लहान होती, पण मुठीत आवळून बघा, दाणा बोटांना टोचत होता.

मुकुंदरावांच्या विनंतीवरून तेच पाहणीचे साहेब आले. जमिनीला भेगा पडल्या होत्या. त्यांनी कणीस हातात घेतले आणि मागची आठवण ठेवून पहिला प्रश्न केला, "पाणी?"

मुकुंदराव बोलण्याआधीच गंगाकाकी पुढे झाल्या. "सायबानू, पाणी रवांदे. हय कोणाक थुकूक सुदा दिलंय नाय."

साहेब खळखळून हसले. मुकुंदरावांकडे वळून ते म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही गप्प राहिला असतात, तर आज यांच्या शब्दावर मी विश्वास ठेवला नसता." मुकुंदराव खाली बसले होते आणि जांभळे पेरे बोटाने चाचपत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते त्यांनी लपवले नाही.

काम पुन्हा सुरू झाले. आज ती नाचणी बांद्यापासून देवगडच्या कातळी सड्यापर्यंत उतारांवर उभी आहे. सरकारदप्तरी तिला एक क्रमांक आहे, तो फारसा कोणाला ठाऊक नाही. शेतकरी तिला "सायबाचो नाचणो" म्हणतात आणि मुकुंदरावांना ते नाव मुळीच आवडत नाही. "नाव काकींचे पाहिजे," ते म्हणतात. मुकुंदराव, क्षमा असावी, लोकांनी ठेवलेले नाव बदलणे तुमच्या हाती नाही. तिथे तुमचा हट्ट चालणार नाही.

हट्टी ते आहेतच. छत्री विसरतात, जेवणाची वेळ विसरतात, माणसाच्या तोंडावर खरे बोलतात आणि नंतर त्याच माणसासाठी मैलभर चालत जातात. आम्हा सहकाऱ्यांना त्यांनी पुस्तकातले फार शिकवले नाही. जे दिसले तेवढेच सांगायचे, आणि जे दिसले नाही ते ठणकावून नाही म्हणायचे, हे शिकवले. त्या एका धड्यावर आमच्या साऱ्यांच्या नोकऱ्या सुखाने पार पडल्या.

लेखाच्या शेवटी शुभेच्छा द्यायच्या असतात. त्या माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने कोण देईल, असा विचार करून मी मागच्या आठवड्यात कातळवाडीला गेलो. गंगाकाकी आता काठी घेऊन चालतात, पण बांधावर जायचे सोडत नाहीत. साहेबांच्या साठीचे पुस्तक निघते आहे, काय लिहू, असे विचारले. त्या म्हणाल्या, "माका लिवाक येना नाय. गाऱ्हाणा घालूक येता." आणि तिथेच, शेताच्या कडेला, काठी खाली ठेवून त्यांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ह्या सायबान आपल्या नाचण्याक तानेलो ठेवल्यान, पण आमच्यासाठी तुझ्याकडे पाणीच मागल्यान. तेका शंभर वर्सा दी. तेच्या पायांत डोंगर चढाची ताकद रवांदे. वयनीच्या हातची भाकरी तेका रोज मिळांदे. आणि खरा बोलान परत कधी आपला नुकसान करूक लागलो, तर तेका आडव नको रे म्हाराजा, आमका तेच्या बाजूक उभी कर."

मी हात जोडून जे म्हणायचे ते म्हटले. या ग्रंथाच्या प्रत्येक वाचकाने आता आमच्यासोबत मोठ्याने म्हणावे, म्हणजे आरोंद्यापर्यंत ऐकू जाईल.

व्हय म्हाराजा.